हातचा न घेता

बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर दादाने नऊ एक लिहिले, त्यांच्याखाली पुन्हा नऊ एक लिहिले आणि रेघ मारली. मग फळ्यावर मांडायचा तसा गुणाकार मांडला. पहिल्या ओळीत नऊ एक, दुसऱ्या ओळीत एक घर डावीकडे सरकवून पुन्हा नऊ एक, अशा नऊ ओळी. उजवीकडून उभी बेरीज घेत गेला. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं चढत नऊपर्यंत, आणि तिथून उतरत परत एकावर.

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

"डेम्लो संख्या," दादा म्हणाला. "म्हणजे तुमच्या डोंबिवलीची."

माझी मुलगी चहाचा कप घेऊन त्याच्या मागे उभी होती. ती संख्या सिद्धांतात संशोधन करते. (सोसायटीतल्या दोघांनी ते अंकशास्त्र समजून फ्लॅटचा नंबर लाभेल का असं तिला विचारलं आहे, म्हणून सांगते: हा विषय भाजकांचा आणि मूळ संख्यांचा आहे, नशिबाचा नाही.) ती म्हणाली, "मामा, दिसायला छान आहे. पण यात त्या संख्येचं स्वतःचं असं काही नाही."

दादा नाशिककडच्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाला. हे वाक्य त्याला लागलं. पुढचे दोन तास ती दोघं बोलत होती आणि मी मेथी निवडत ऐकत होते.

"स्वतःचं नाही म्हणजे?" दादा म्हणाला. "कापरेकरांनी उभं आयुष्य यात घातलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. विद्यार्थी असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं. पदवीपुढे शिकले नाहीत. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली आणि उरलेला सगळा वेळ संख्यांना दिला. डोंबिवली स्टेशनात कल्पना सुचली म्हणून त्या संख्यांना डेम्लो नाव दिलं, १९४८ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. डेम्लोंचा गोतावळा मोठा आहे, त्यातलं हे सगळ्यात देखणं घर. १, १२१, १२३२१, १२३४३२१, असं चढत जाऊन ही शेवटची."

"मामा, कापरेकरांबद्दल मला आदरच आहे. माझं म्हणणं आकड्यांबद्दल आहे. समज, आपल्याला दहाऐवजी आठच बोटं असती आणि आपण आठाच्या पायावर लिहीत असतो. या संख्येइतकेच गव्हाचे दाणे मोजले, एक कमी नाही, एक जास्त नाही. पण लिहिताना ही संख्या अठरा आकडी होईल, सुरुवात पाचाने आणि शेवट एकाने. उलटसुलट सारखेपणा गेला. चढउतार गेला. जो गुण लिहिण्याची रीत बदलली की जातो, तो दाण्यांचा गुण कसा? तो अंगरखा आहे."

दादाने कॅलेंडर जवळ ओढलं. "अंगरखा म्हणतेस. महावीराचार्यांना तसं वाटलं नव्हतं."

आणि त्याने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. इसवी सनाच्या नवव्या शतकात, साधारण ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीर नावाच्या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड, पण सत्ता आपल्या मुलखावरही होती. त्या ग्रंथात गुणाकाराची उदाहरणं निवडताना महावीराने मुद्दाम अशी निवडली, की उत्तरातले आकडे माळेतल्या मण्यांसारखे दिसावेत. १२३४५६७९ ला ९ ने गुणा, उत्तर नऊ एक. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी राशी असं तिचं वर्णनही त्याने केलं.

"अकराशे वर्षांहून जुना अंगरखा आहे हा," दादा म्हणाला. "आणि तो आपणच जगाला शिवून दिला. स्थानावरून किंमत ठरवायची रीत इथली. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दश, शत, सहस्र करत अठरा स्थानांची नावं आहेत, शेवटचं परार्ध. या आपल्या संख्येचा डावीकडचा पहिला एक सतराव्या स्थानावर बसतो, त्या स्थानाचं नाव मध्य. परार्धाला एक घर कमी. हे सगळं नसतं तर तू संख्या लिहिली कशाने असतीस?"

"लिहायला लागतेच की. पण लिपी सुंदर आहे म्हणून मजकूर खरा ठरत नाही." ती आता खुर्ची ओढून बसली. "हार्डींनी हेच म्हटलं होतं. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी. १९४० मध्ये त्यांनी गणितज्ञाच्या बाजूने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात दोन उदाहरणं आहेत. चार आकडी संख्यांमध्ये ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा, की स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत असतात. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. दुसरं, १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या आपल्या अंकांच्या घनांची बेरीज असतात. हार्डींचं मत असं, की ही माहिती कोड्यांच्या सदरात शोभेल, पण गणितज्ञाला तिच्यात घेण्यासारखं काही नाही. कारण यांच्यातून पुढे वाट जात नाही."

"९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग," दादा लगेच म्हणाला. "९८ आणि ०१ ची बेरीज पुन्हा ९९. म्हणून ९९ ही कापरेकर संख्या. आणि हार्डी रामानुजनना भेटायला गेले त्या टॅक्सीचा नंबर, १७२९? अंकांची बेरीज १९. एकोणीसला उलटं करा, ९१. एकोणीस गुणिले एक्याण्णव किती?"

मी मनात केला. सतराशे एकोणतीस.

"अंकांच्या बेरजेने भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्या. आनंद देणारी. हे नावही कापरेकरांनीच दिलं."

"आणि तरीही १७२९ त्यासाठी मोठी नाही, मामा. ती मोठी आहे कारण दोन घनांची बेरीज म्हणून ती दोन तऱ्हांनी लिहिता येते, आणि तशी ती सगळ्यात लहान. एकाचा घन अधिक बाराचा घन, नवाचा घन अधिक दहाचा घन. हे आठ बोटांच्या माणसालाही खरं. रामानुजननी जे पाहिलं ते अंगरख्याच्या आतलं."

इथे मला माझ्या मुलीची बाजू पटली. मी एकतीस वर्षं बँकेत आकडे जुळवले. रकमेचा आकडा देखणा आहे म्हणून खात्यात रुपया वाढत नाही. मी विचारलं, "मग या सतरा आकडी बाईचं स्वतःचं काय आहे, ते तरी सांग."

तिने कॅलेंडर आपल्याकडे फिरवलं. आधी तिने मला आवाका दाखवला. आपल्या रीतीने वाचायचं तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ इतके कोटी, आणि वर ७६ लाख ५४ हजार ३२१. सेकंदाला एक दाणा मोजला तर साधारण ३९ कोटी वर्षं लागतील. मग तिने अवयव पाडले. नऊ एकांची संख्या म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. तिचा वर्ग केला की प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो: चार तीन, दोन सदतीस, दोन ३३३६६७. तिनाची निवड शून्यापासून चारपर्यंत पाच तऱ्हांनी करता येते, उरलेल्या दोघांची तीन-तीन तऱ्हांनी. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. म्हणजे या अवाढव्य संख्येला नेमके ४५ भाजक. "पंचेचाळीस विषम आहे, हे योगायोगाने नाही," ती म्हणाली. "भाजक जोडीने येतात. फक्त वर्गसंख्येत वर्गमूळ स्वतःशीच जोडी करतं, म्हणून एक सुटा उरतो."

मग तिने ग्रीकांची जुनी वर्गवारी काढली. संख्येचे तिच्याहून लहान असे सगळे भाजक मिळवायचे. बेरीज संख्येइतकीच आली तर परिपूर्ण, जसे ६ आणि २८. जास्त आली तर विपुल. कमी आली तर न्यून. आपल्या संख्येच्या अशा चव्वेचाळीस भाजकांची बेरीज येते ६६०८६००६०५१७३२५८. निम्म्याहून थोडीशी जास्त. न्यून.

"पण बेरीज न करताही एक गोष्ट सांगता आली असती," ती पुढे म्हणाली. "ही परिपूर्ण असूच शकत नाही. हिचे सगळे भाजक विषम, आणि ते आहेत पंचेचाळीस. विषम संख्या विषम वेळा मिळवल्या की उत्तर विषम. परिपूर्ण असायला हिला स्वतःला धरून एकूण बेरीज हिच्या दुप्पट, म्हणजे सम यायला हवी होती. झालं. कोणत्याही विषम वर्गसंख्येला हे लागू. बाकी विषम संख्यांमध्ये एखादी परिपूर्ण आहे का, हे आजवर कोणालाच ठरवता आलेलं नाही. सापडलेली एकही नाही, आणि नसतेच हे सिद्धही झालेलं नाही. मामा, याला मी पुढे जाणारी वाट म्हणते."

दादा बराच वेळ त्या तीन अवयवांकडे बघत होता. मग त्याने खालच्या बाजूला लिहिलं:

१ ÷ ३ = ०.३३३…
१ ÷ ३७ = ०.०२७०२७०२७…
१ ÷ ३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७…

"आवर्तनं मोज," तो म्हणाला. "पहिल्यात एक आकडा परत येतो. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात नऊ. एक, तीन, नऊ, म्हणजे नवाचेच भाजक. आणि तुझी संख्या बनली कशापासून? नऊ एकांपासून. अवयव तर अंगरख्याच्या आतले ना? मग यांना दहाची खबर कशी लागली?"

मुलीने पेन खाली ठेवलं. मला आठवतं, ती लहानपणी उत्तर चुकलं की अशीच पेन्सिल खाली ठेवायची. पण या वेळी ती हसत होती.

"हे मी विसरले होते," ती म्हणाली. "आणि हे तू म्हणतोस त्याहून जास्त आहे. एक आकड्याचं आवर्तन असणारी मूळ संख्या फक्त ३. तीन आकड्यांचं असणारी फक्त ३७. नऊ आकड्यांचं असणारी फक्त ३३३६६७. प्रत्येक आपल्या लांबीची एकुलती एक. गाउसने १८०१ च्या आपल्या ग्रंथात दशांशांच्या आवर्तनांचा विचार केला आहे, आणि गाउसच्या गणिताला कोणी कोडी म्हणणार नाही. सातने भागलं की १४२८५७ हे सहा आकडे फिरत राहतात, जास्तीत जास्त जितके फिरू शकतात तितके. अशा पूर्ण लांबीच्या मूळ संख्या अनंत आहेत का? आर्टिनने १९२७ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे हो. सिद्ध अजून नाही."

"मग?"

"मग मी चुकीचा शब्द वापरला. अंगरखा नाही. दहा हीसुद्धा एक संख्याच आहे, मामा. आकड्यांचा गुण हा एकट्या संख्येचा नसतो, दोघांमधला असतो: ती संख्या आणि दहा. जसं तू माझा मामा आहेस, हा तुझ्या अंगातला गुण नाही, पण खोटाही नाही. नातं आहे."

मेथीच्या काड्या बाजूला सारून मी हे वाक्य कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. दोन तासांत मला सगळ्यात मोलाचं हेच वाटलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्याला एकदा तरी आकड्यांचा असा मनोरा येतो, खाली हात जोडल्याची चित्रं, आणि पुढचा कोणी विचारत नाही की असं का होतं. दादावर माझा आक्षेपही तोच होता. वर्गात तो हा गुणाकार मांडायचा, पोरं टाळ्या वाजवायची आणि तास संपायचा. मी त्याला तसं म्हटलं. तो चिडला नाही. म्हणाला, "टाळी आधी वाजली नाही, तर 'का' विचारायला कोण थांबेल?"

त्याचंही खरं आहे.

"का ते मी सांगते," मुलगी म्हणाली. तिने दहाच्या जागी एक अक्षर ठेवलं. नऊ एकांची संख्या म्हणजे एक, अधिक एकदा दहा, अधिक एकदा शंभर, असं दहाच्या आठव्या घातापर्यंत. दहा पुसून 'क्ष' लिहा. बहुपदी झाली, सगळे सहगुणक एक. तिचा वर्ग केला की सहगुणक येतात १, २, ३ पासून ९ आणि उतरत १. हे 'क्ष'ची किंमत काहीही असली तरी खरं. आकडे म्हणून ते तसेच दिसायला एकच अट: कुठल्याही घरात हातचा येता कामा नये. दहाच्या पायावर नवापर्यंत हातचा येत नाही.

"आठ बोटांच्या माणसालाही डेम्लो मिळेल," ती म्हणाली. "फक्त त्याने सात एक घ्यायचे. त्याच्या लेखनात १२३४५६७६५४३२१ येईल. संख्या वेगळी, चढउतार तोच. मामा, म्हणजे तुझा चढउतार दहाच्याही मालकीचा नाही. तो बहुपदीचा आहे. कापरेकरांनी स्टेशनात जे पाहिलं ते या एका संख्येहून मोठं होतं."

"आणि दहा एक घेतले तर?" मी विचारलं.

दादाने करून दाखवलं. मधल्या घरात दहा आले, शून्य मांडलं, हातचा एक डावीकडे गेला, तिथे नवाचे दहा झाले, पुन्हा हातचा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे आठ गळाला, मध्ये दोन शून्यं आली, घडी मोडली. उजवा उतार मात्र जसाच्या तसा, कारण हातचा नेहमी डावीकडेच जातो.

तिने घरातला लुडो मागितला. दोन फासे टाकले तर बेरीज दोनपासून बारापर्यंत येते. दोन येण्याची एकच तऱ्हा, तीनच्या दोन, चारच्या तीन, सातच्या सहा, आणि मग उतरत बाराची एक. १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. महावीराचार्यांची ती माळ, सहा एकांचा वर्ग, आमच्या लुडोच्या डब्यात इतकी वर्षं पडून होती. एकूण तऱ्हा छत्तीस, म्हणून त्या माळेच्या अंकांची बेरीज छत्तीस. आपल्या सतरा आकडी संख्येला नऊ बाजूंचे दोन फासे हवेत; तऱ्हा एक्याऐंशी, अंकांची बेरीज एक्याऐंशी.

"एक्याऐंशीने भाग जातो का?" दादाने विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. नऊ एकांना नवाने भाग जातो, १२३४५६७९ उरतात, म्हणून त्यांच्या वर्गाला एक्याऐंशीने भाग जाणारच. हर्षद! पण मुलीने लगेच पुढची पायरी घातली. हातचा येत नाही तोवर 'ख' एकांच्या वर्गात अंकांची बेरीज 'ख'चा वर्ग, म्हणजे 'ख' एकांच्या संख्येला 'ख'ने भाग गेला तरच ती हर्षद. १२१ ची बेरीज चार, भाग नाही. आम्ही तिघांनी एकेक तपासली. हातचा न येणाऱ्या नऊ डेम्लोंमध्ये पहिली, तिसरी आणि नववी एवढ्याच हर्षद आहेत. एक, तीन, नऊ पुन्हा समोर आले.

चहा दुसऱ्यांदा झाला. मुलीने मग प्रामाणिकपणे आणखी काही सांगितलं, जे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. हर्षद संख्यांवर पुढे भरपूर काम झालं आहे. सलग वीस हर्षद संख्या असू शकतात, सलग एकवीस कधीच नाहीत, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं. मूळ संख्यांच्या अंकांची बेरीज सम आणि विषम साधारण सारख्याच वेळा येते का, हा गेलफॉन्डचा १९६८ चा प्रश्न मोदुई आणि रिव्हा या फ्रेंच गणितज्ञांनी सोडवला, आणि २०१० मध्ये तो निबंध 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये आला, जिथे छापून येणं ही गणितातली मोठी गोष्ट. जेम्स मेनार्डने दाखवलं, की ज्यांच्या लेखनात सात हा आकडा एकदाही येत नाही अशा मूळ संख्या अनंत आहेत. सातच्या जागी दुसरा कोणताही आकडा घ्या. तो निबंध २०१९ चा, आणि २०२२ मध्ये मेनार्डला फील्ड्‌स पदक मिळालं.

"हार्डी चुकले तर," दादा म्हणाला.

"त्यांनी दिलेल्या उदाहरणांपुरते बरोबर होते. अंकांच्या सगळ्या प्रश्नांपुरते नव्हते. त्यांच्या काळी हे प्रश्न सोडवायची अवजारंच नव्हती." ती क्षणभर थांबली. "पण मामा, कापरेकरांकडेही नव्हती. त्यांना कोणी दिलीही नाहीत."

यावर दादा काही बोलला नाही. कापरेकरांच्या कामाला देशात अनेकांनी क्षुल्लक म्हटलं. मार्टिन गार्डनरने मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'च्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले. ज्या माणसाला शंभर चांगले प्रश्न सुचतात आणि शेजारी एक शिकलेला सोबती मिळत नाही, त्याचं नुकसान त्याच्या एकट्याचं नसतं. त्या टेबलाशी बसून मला ते स्पष्ट दिसत होतं, कारण माझ्यासमोर प्रश्न विचारणारा आणि अवजारं वापरणारी, दोघंही होती.

"मग आता एकत्रच करा," मी म्हटलं. "असा प्रश्न घ्या की दोघांची गरज पडेल."

दादाकडे प्रश्न तयार होता. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये दोन आणि एक मिळवले की २४. म्हणजे २१ हा २४ चा जनक. पण २० ला, ३१ ला, ४२ ला जनकच नाही. कितीही शोधा, मिळत नाही. कापरेकरांनी अशांना स्वयंभू म्हटलं. "ही आपली सतरा आकडी," दादाने विचारलं, "स्वयंभू आहे का?"

सतरा आकड्यांच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त सतरा नव्वे एकशे त्रेपन्न. दादा म्हणाला, आपण एकापासून एकशे त्रेपन्नपर्यंत वजा करून बघू. एकशे त्रेपन्न वजाबाक्या, संध्याकाळपर्यंत होतील. मुलगी म्हणाली, थांब. नवाचा ताळा लाव. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नवाने भागून बाकी सारखीच उरते, म्हणून जनक अधिक त्याची बेरीज म्हणजे ताळ्यात जनकाची दुप्पट. आपल्या संख्येचा ताळा शून्य. मग जनकाचाही शून्य. म्हणजे नवाच्या पटीच तपासायच्या: ९, १८, २७ पासून १५३ पर्यंत. एकशे त्रेपन्नाच्या सतरा झाल्या.

नवाचा ताळा मला नवा नाही. बँकेत दिवसाअखेर फरक आला आणि त्याला नवाने भाग गेला, की आम्ही आधी शोधायचो कोणी दोन आकडे उलटे लिहिले आहेत का. मी कॅलेंडर माझ्याकडे घेतलं. शेवटचे तीन आकडे ३२१. त्यातून जास्तीत जास्त १५३ जायचे, म्हणजे १६८ तरी उरणारच. हातचा चौथ्या घरापर्यंत पोचतच नाही. पहिले चौदा आकडे हलणार नाहीत, आणि त्यांची बेरीज पंचाहत्तर. उरलेल्या तीन आकड्यांची बेरीज अशी हवी, की पंचाहत्तरात मिळवून नवाची पट व्हावी: सहा किंवा पंधरा. त्याच्यापुढची चोवीस, ती १६८ आणि ३१२ यांच्यामध्ये कुणाची होत नाही. म्हणजे जनकाच्या अंकांची बेरीज एक्याऐंशी, नाहीतर नव्वद. सतराच्या दोन झाल्या.

नव्वद वजा केले तर शेवट २३१. त्यांची बेरीज सहा, एकूण एक्याऐंशी. नव्वद नाही. गेली.

एक्याऐंशी वजा केले तर शेवट २४०. बेरीज सहा, एकूण एक्याऐंशी.

ती संख्या स्वयंभू नाही. तिला जनक आहे, आणि एकच आहे: १२३४५६७८९८७६५४२४०. कागद घ्या, त्याच्या अंकांची बेरीज करा आणि त्यातच मिळवून पाहा.